काकडीची सँडविचेस आणि तीन कॅमेरे

पुण्यात माध्यमांचं शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' वाचताना ती पोट धरून हसली. मग बीबीसीनं १९८६ मध्ये टीव्हीसाठी केलेला त्याचा अवतार तिनं पाहिला. नट उत्तम, कपडे उत्तम, पण एकटीनं लॅपटॉपवर बघताना हसू ओठांपर्यंतच आलं. आता तिच्या वर्गाला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी या नाटकाचा पहिला अंक आणि दुसऱ्या अंकातला चहाचा प्रसंग कॉलेजच्या स्टुडिओत तीन कॅमेऱ्यांवर करायचा आहे, इंग्रजीतच. प्रेक्षक नसतील. ती विचारते, नंतर मागून हशा टाकावा का? नाही तर विनोद मरू नये म्हणून काय करावं?

हशा टाकू नका. या नाटकात दर दोन वाक्यांआड हसायची जागा आहे. मागून हशा चिकटवलात तर पाच मिनिटांत तो पत्र्यावरच्या पावसासारखा वाटू लागेल आणि त्यात संवाद बुडतील. ब्रिटिश टीव्हीवर सिटकॉम करताना स्टुडिओत खरे प्रेक्षक बसवायची पद्धत होती, पण अभिजात नाटक टीव्हीसाठी करताना ते बसवत नसत. तुम्ही पाहिलेला प्रयोग त्याच वळणाचा आहे. दिग्दर्शक स्टुअर्ट बर्ज हा मुळात रंगभूमीचा माणूस, आणि लेडी ब्रॅकनेलच्या भूमिकेत जोन प्लोराइट. हसू ओठांवर अडलं यात त्यांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. तुम्ही एकट्या होतात. नाट्यगृहात माणूस निम्मा शेजारच्यामुळे हसतो.

पण तुमच्या प्रश्नातला खरा पेच त्याच्या पुढे आहे. तीसेक वर्षं स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये, पॅनलवर बसून मी मराठी नाटकं रेकॉर्ड केली, त्यातली बरीचशी विनोदी. पहिलंच विनोदी नाटक केलं तेव्हा शेकडो प्रयोग झालेला संच जसाच्या तसा स्टुडिओत आणला होता. नायक कसलेला नट. तो प्रत्येक पंचनंतर तेवढाच थांबायचा, जेवढा थिएटरात वर्षानुवर्षं थांबत आला होता. हशा वर चढणार, उतरणीला लागणार, मग हा पुढचं वाक्य टाकणार. तो हिशेब त्याच्या अंगात मुरलेला. स्टुडिओत हशा नाही, हा मात्र थांबलेला. तिसऱ्या वेळी आमच्या फ्लोअर मॅनेजरला वाटलं, गडी वाक्य विसरला. त्यानं कॅमेऱ्याखालून वाकून प्रॉम्प्टिंग केलं! नट भडकला, अर्धा दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही उलटी चूक केली. सगळ्या जागा काढून टाकल्या, डेक्कन क्वीन सोडावी तसे संवाद सोडले. ते तर आणखी वाईट झालं, कारण ऐकणाऱ्याला विनोद पोचायलाच वेळ उरला नाही.

तेव्हा जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो. थिएटरात हशाचा तो एक-दीड सेकंद प्रेक्षकांच्या मालकीचा असतो. स्टुडिओत तो सेकंद बेवारस होतो. तो कापायचा नाही आणि मोकळाही ठेवायचा नाही, त्याला दुसरा मालक शोधायचा. बोलणारा सोडून त्या क्षणी दृश्यात कोण आहे? कोण ऐकतंय, कुणाच्या हातात काय आहे? वाइल्डनं हे मालक स्वतःच पेरून ठेवलेत. नोकर, सँडविचेस, साखरेचा चिमटा, वही-पेन्सिल. तुमची कॅमेरा स्क्रिप्ट लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक पंचसमोर समासात एकच गोष्ट लिहा, हा सेकंद कुणाचा.

नाटक न वाचलेल्यांसाठी दोन ओळी. जॅक नावाच्या सभ्य गृहस्थानं गावाकडच्या घरी अर्नेस्ट नावाचा उनाड भाऊ असल्याची थाप मारून ठेवली आहे. त्याच्या नावाखाली तो लंडनला पळतो आणि तिथं स्वतःच अर्नेस्ट म्हणून वावरतो. त्याचा मित्र अल्जरनॉन हा तसाच थापाड्या. नाटकातल्या दोन्ही मुलींना नवरा हवाय तो अर्नेस्ट नावाचाच. हे नाव आणि 'मनापासून, गांभीर्यानं' या अर्थाचा इंग्रजी शब्द यांचा उच्चार एकच, त्यावर नाटकाचं नाव बेतलंय. ते मराठीत येत नाही, तुम्ही इंग्रजीत करताय ते शहाणपणाचं आहे. नाही तर आपल्याकडे इंग्रजी विनोद मराठीत मुरवायची जुनी रीत आहेच. देवलांचं 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावरून आलं हे आज कुणाला सांगितल्याशिवाय कळतही नाही.

आता पहिला प्रवेश घ्या. अल्जरनॉनचं हाफ मून स्ट्रीटवरचं घर. पडदा उघडतो तेव्हा लेन हा नोकर चहाची मांडामांड करतोय आणि आतून पियानो ऐकू येतोय. मालक बाहेर येऊन विचारतो, मी काय वाजवत होतो ते ऐकलंस का? लेन म्हणतो, ऐकणं सभ्यपणाचं वाटलं नाही. हे वाक्य लेनच्या क्लोज-अपवर घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. टू-शॉट ठेवा, म्हणजे दोघं एकाच चौकटीत, लेन पुढे, हातात काटे-सुऱ्या, मालक मागे. वाक्य संपल्यावर लेननं एक चमचा सरळ करावा. बस. तो सेकंद चमच्याचा.

तुमच्या स्विचरवर, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायच्या यंत्रावर, बसणाऱ्या मुलीला किंवा मुलाला एक नियम पाठ करायला लावा. या नाटकात वाक्याच्या मध्ये कट नाही. वाइल्डचं वाक्य अर्धं सरळ चालतं आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांत उलटं फिरतं. मध्ये कट पडला की बघणाऱ्याचं डोकं नव्या चित्रात अर्धा क्षण अडकतं, आणि नेमका तोच क्षण वळणाचा असतो. आपल्या मालिकांमध्ये प्रतिक्रियेवर तीन-तीनदा कट मारायची सवय लागली आहे. इथं ती घरी ठेवून या. कट पूर्णविरामानंतर, आणि तोही गरज असेल तर.

पहिल्या अंकातला सगळ्यात मोठा प्रसंग म्हणजे अल्जरनॉनची मावशी लेडी ब्रॅकनेल जॅकची मुलाखत घेते तो. आपली मुलगी ग्वेंडोलेन त्याला द्यायची की नाही हे ठरवायला ती वही-पेन्सिल काढून बसते. जॅक उभाच राहतो. इथं कॅमेऱ्याचा सापळा आहे. बाई बसलेली, पुरुष उभा. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवलात तर जॅक डोंगराएवढा दिसतो, त्याच्या उंचीवरून घेतलात तर ती खुजी होते. दोन्ही चूक, कारण खोलीत सत्ता तिची आहे. मी असतो तर तिला एका बाजूला अगदी पुढे, फ्रेमचा तिसरा हिस्सा भरेल अशी बसवली असती, टोपीसकट. जॅक मागे, पूर्ण उभा, हात कुठे ठेवावेत हे न कळलेला. तो शॉट शक्य तितका लांबवायचा. ती विचारते, सिगारेट ओढता का? तो हो म्हणतो, आणि ती खूश होते, कारण पुरुषाला काहीतरी उद्योग हवाच. वय एकोणतीस. उत्पन्न वर्षाला सात-आठ हजार. लंडनमध्ये बेलग्रेव्ह स्क्वेअरला घर, नंबर १४९. ती बाजू सध्या फॅशनमध्ये नाही, म्हणून बाईंची मान हलते. प्रत्येक उत्तरानंतर पेन्सिल वहीवर चालते. तो आवाज वेगळ्या माइकनं घ्या, मिक्समध्ये जरा पुढे ठेवा. पहिल्या पाच-सहा पंचांचा मालक पेन्सिल. एकदा ती लय बसली की प्रेक्षक पेन्सिलची वाट बघतो, आणि ती ज्या उत्तराला चालत नाही तिथं आपोआप हसतो.

मग ती आईवडिलांबद्दल विचारते आणि कळतं की जॅक बाळ असताना एका हँडबॅगेत सापडला होता. इथं पेन्सिल थांबते. आणि इथं, प्रसंगात पहिल्यांदा, तिचा एकटीचा शॉट. क्लोज-अप आधीच उधळून बसलात तर आता हातात काही उरत नाही.

या 'हँडबॅग' शब्दावर एक ओझं आहे. एडिथ इव्हान्सनं १९३९ मध्ये नट जॉन गिलगुडबरोबर रंगमंचावर आणि मग १९५२ च्या अँथनी अॅस्क्विथच्या चित्रपटात तो शब्द असा काही ताणून, खालून वर चढवून म्हटला की त्यानंतरच्या प्रत्येक नटीला त्या शब्दापाशी आल्यावर घाम फुटतो. प्रेक्षक वाटच बघत असतो. तुमच्या नटीला सांगा, नक्कल करायची नाही आणि नक्कल टाळायचा आटापिटाही दिसू द्यायचा नाही. साधा प्रश्न विचारावा, ऐकण्यात चूक झाली की काय अशा सुरात. खरा हशा त्या शब्दावर नाहीच, दोन ओळी पुढे आहे. बॅग कुठे सापडली? व्हिक्टोरिया स्टेशनच्या क्लोकरूममध्ये. आणि जॅक, बिचारा, आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून मनापासून जोडतो, ब्रायटन लाइनला. त्यावर बाई म्हणते, लाइन कुठली याला महत्त्व नाही. मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. वेस्टर्न की सेंट्रल यावरून माणसाची पत ठरवणारे लोक आपल्या ओळखीत आहेत. तर तो सेकंद जॅकचा. कट त्याच्यावर, पण वाक्य संपल्यावर, आणि त्याच्या चेहऱ्यावर मदत केल्याचं समाधान असू द्या.

वस्तूचं भान ठेवा. ती हँडबॅग म्हणजे आजची खांद्याला लावायची पर्स नव्हे. जॅक स्वतःच सांगतो की ती मोठी, काळ्या चामड्याची, मुठी असलेली होती. प्रवासाची बॅग. तिसऱ्या अंकात ती रंगमंचावर येते आणि त्यात तान्हं मूल मावेल असं दिसावं लागतं. तुम्ही तिसरा अंक करत नाही, पण जॅकच्या नटानं बोलताना हातानं जो आकार दाखवायचा तो त्या बॅगेचा.

आता खाणं. काकडीची सँडविचेस मावशीसाठी केलेली असतात आणि ती यायच्या आत अल्जरनॉन सगळी फस्त करतो. मित्राला मात्र हात लावू देत नाही, त्याला ब्रेड-बटर पुढे करतो. मावशी येते, सँडविच मागते, ताटली रिकामी. मालक धक्का बसल्यासारखा लेनकडे वळतो आणि लेन गंभीरपणे सांगतो की बाजारात काकडीच नव्हती, रोख पैसे देऊनसुद्धा. हा प्रसंग फक्त एकाच चौकटीत चालतो. मावशी, भाचा, लेन आणि रिकामी ताटली, चौघंही दिसली पाहिजेत. इथं अल्जरनॉनच्या डोळ्यांवर कट मारून त्यानं लेनला बारीक डोळा मारला की प्रसंग संपला. माझ्या मते या नाटकाची सगळ्यात मोठी हानी तिथेच होते, नटांना आपण गमतीशीर बोलतोय हे माहीत असतं तिथं. थिएटरात दहाव्या रांगेत ते लपून जातं, कॅमेऱ्यात डोळ्याच्या कोपऱ्यातलं हसू आधी दिसतं. वाइल्डनं नाटकाच्या नावाखालीच लिहून ठेवलंय की गंभीर माणसांसाठी ही क्षुल्लक सुखात्मिका आहे. माझ्या नटांना मी एवढंच सांगत असे, या प्रसंगात तुझंच म्हणणं बरोबर आहे. लेडी ब्रॅकनेलला हँडबॅगेत जन्माला येणं आणि फ्रेंच राज्यक्रांती एकाच माळेचे मणी वाटतात, आणि तिच्या दृष्टीनं ते वाटणं योग्यच आहे.

सँडविचेस किती लागतील, कुठलं कुठल्या वाक्यावर उचलायचं, याचा तक्ता तालमीतच करा आणि कंटिन्युइटीवाल्याच्या हातात द्या. ताटलीत बारा ठेवा. मावशी आत येते त्या क्षणी शेवटचं तोंडात असलं पाहिजे, ताटलीत नव्हे. ब्रेडच्या कडा कापा, काप पातळ करा, लोणी दोन्ही बाजूंना, काकडी मीठ लावून पिळून घ्या. कोरडा ब्रेड टाळूला चिकटला की वाइल्डचं एक वाक्यही स्पष्ट येत नाही. आमच्या एका रेकॉर्डिंगला बटाटेवडे खायचा प्रसंग होता, पाचव्या टेकला नटाचा आवाजच बसला. त्यानंतर मी खाण्याचे प्रसंग सकाळी पहिल्यांदा लावू लागलो, जेवणाच्या सुट्टीनंतर कधीच नाही.

चहाच्या प्रसंगात तुमच्या तीन कॅमेऱ्यांचा खरा कस लागेल. शहरातली ग्वेंडोलेन आणि गावातली सेसिली यांना नुकतंच कळलंय की दोघींचं लग्न अर्नेस्टशी ठरलंय, एकाच माणसाशी, असं त्यांना वाटतंय. कचाकच भांडायची वेळ, आणि नेमका मेरीमन हा बटलर चहाचं सामान घेऊन येतो, मागे आणखी एक नोकर. नोकरांसमोर भांडता येत नाही. म्हणून भांडण चहात उतरतं. साखर? नको, हल्ली फॅशन नाही. सेसिली चिमटा उचलते आणि चार खडे टाकते. केक की ब्रेड-बटर? ब्रेड-बटर, केक हल्ली चांगल्या घरांत दिसत नाही. सेसिली केकचा भला मोठा तुकडा कापते.

इथं विद्यार्थी हमखास करतात ती चूक म्हणजे चार खड्यांना चार कट, मध्येमध्ये ग्वेंडोलेनचा चेहरा. पण ग्वेंडोलेन बघतच नाहीये! तिनं बघितलं तर ती कप हातात घेईलच कशी? गंमत एवढीच आहे की आपल्याला तिच्या आधी कळलंय. म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्यावर सेसिलीचे हात आणि कप, एकच अखंड शॉट. तीन खडे एका लयीत. चौथ्याच्या आधी चिमटा क्षणभर हवेत थांबू द्या. कप निम्माच भरलेला ठेवा, नाही तर बशीत सांडेल आणि टेक वाया जाईल. मग पहिल्या कॅमेऱ्यावर वाइड, मधोमध मागे मेरीमन उभा. तो सगळं बघतोय आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नाही. हा सेकंद त्याचा. त्यानंतरच तिसऱ्या कॅमेऱ्यावर ग्वेंडोलेन, पहिला घोट. दिग्दर्शकानं या भागात टॉकबॅकवर, म्हणजे फ्लोअरवरच्यांच्या हेडफोनशी बोलायच्या माइकवर, शक्य तितकं गप्प राहावं, हेडफोनमधला आवाज गळून बाईंच्या माइकमध्ये येतो. हे मला दोनदा भोवलंय.

त्याच टेबलावर पुढच्या भांडणासाठी मफिनही असतात, ते ठेवणारच असाल तर आपल्या बेकरीतले कागदी वाटीतले गोड मफिन आणू नका. हे चपटे, पावाच्या जातीचे, भाजून लोणी लावलेले. अल्जरनॉन नंतर म्हणतो की मफिन शांतपणेच खावे लागतात, नाही तर लोणी कफला लागतं. कपकेकला लोणी लागत नाही.

सेटवर पैसे घालवू नका, आणि बाहेर चित्रीकरण करून 'नाटक मोकळं करण्याचा' विचार कुणी मांडला तर त्याला नम्रपणे चहा पाजा. २००२ च्या ऑलिव्हर पार्करच्या चित्रपटात अल्जरनॉन गरम हवेच्या फुग्यातून येतो. बघायला छान आहे, पण वाइल्डची माणसं बंद खोलीत कोंडलेली असतात म्हणूनच बोलतात, मोकळ्या आकाशाखाली त्यांची वाक्यं विरून जातात. अॅस्क्विथनं १९५२ मध्ये उलटं केलं. चित्रपटाची सुरुवातच नाट्यगृहात, बॉक्समध्ये बसलेल्या प्रेक्षकापासून, पडदा वर जाण्यापासून. हे नाटक आहे असं आधीच कबूल करून टाकलं, मग खोटं वाटण्याची भीती गेली. जाता जाता, हा दिग्दर्शक ज्यांचा मुलगा ते हर्बर्ट अॅस्क्विथ १८९५ मध्ये ब्रिटनचे गृहमंत्री होते. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला सेंट जेम्स थिएटरात हे नाटक उघडलं, आणि ५ एप्रिलला वाइल्डला अटक झाली. नाटक काही दिवस चालू राहिलं, जाहिरातीतून लेखकाचं नाव मात्र काढून टाकलं. त्या दिवसांत प्रेक्षक कशाला हसत असतील, याचा विचार मी अनेकदा केलाय.

मजकूर कापावा लागेलच, पण नोकरांची वाक्यं कापू नका, ती सगळ्यात छोटी आहेत म्हणून आधी जातात. हवं तर अल्जरनॉनच्या लग्नावरच्या दोन-तीन सुभाषितांना कात्री लावा. खुद्द वाइल्डनंही कापलंय. नाटक मुळात चार अंकी होतं, ते जॅकची भूमिका करणाऱ्या आणि थिएटर चालवणाऱ्या जॉर्ज अलेक्झांडरच्या आग्रहावरून तीन अंकी झालं.

शेवटची गोष्ट अंकाच्या शेवटाची. जॅक गावाकडच्या घराचा पत्ता ग्वेंडोलेनला सांगत असतो आणि अल्जरनॉन तो चोरून आपल्या शर्टाच्या कफवर लिहून घेतो. जॅक निघून गेल्यावर तो कफ वाचतो, हसतो, अंक संपतो. थिएटरात मागच्या रांगेला तो कफ दिसत नाही, हावभावावरून कळतं एवढंच. तुमच्याकडे मात्र तिसरा कॅमेरा आहे. इथं क्लोज-अप घ्याच, अक्षरं वाचता येतील इतका, आणि त्या अंकातला शेवटचा सेकंद त्या कफला द्या. त्या काळचे कफ खळ घालून कडक केलेले असत, त्यावर पेन्सिल सहज चालायची. आजच्या मऊ कॉटनवर ती फरफटते, म्हणून आतून पातळ पुठ्ठा शिवून घ्या. आणि असे तीन कफ आधीच लिहून ठेवा. तिसऱ्या टेकपर्यंत पहिल्या दोनांवर काकडीचं लोणी लागलेलं असतं.